बरणीतली मुरी

(खराडी येथील स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. वेळेअभावी त्या दिवशी गाळलेला भाग इथे पुन्हा घातला आहे.)



संयोजकांनी मला विषय दिला होता 'शेतापासून आयटी पार्कपर्यंत'. खराडीतच वाढलेली, खराडीतच नोकरी करणारी मुलगी म्हणून तो मला शोभला असता. आमचं ऑफिस जिथं उभं आहे तिथं आपल्यापैकी एकाच्या आजोबांचा ऊस होता, हे सांगून मी टाळ्याही घेतल्या असत्या. पण मी विषय बदललाय. मला आज एका माशाबद्दल बोलायचंय. बोटाएवढा मासा आहे. आपण त्याला मुरी म्हणायचो.

आणि त्याच्याबरोबर एका टोपणनावाबद्दल. आपल्या वर्गातल्या एकाला तुम्ही सगळे गेली तीस-बत्तीस वर्षं 'काट्या' म्हणता. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरसुद्धा त्याचं नाव तसंच सेव्ह केलेलं असतं. ते नाव कसं पडलं, हे मी गेल्या महिन्यात ग्रुपवर विचारलं. एकानं लिहिलं, लहानपणी तो फार बारीक होता म्हणून. दुसऱ्यानं लिहिलं, तो कबड्डीत काट्यासारखा टोचायचा म्हणून. खरं कारण कुणालाच आठवलं नाही. मला आठवत होतं, कारण ते नाव माझ्यामुळे पडलं. आज हे बोलायची मी त्याची परवानगी घेतली आहे. तो म्हणाला, "सांग, पण लांबवू नकोस." बघते प्रयत्न करून.

आठवीतलं साल, १९९२. दिवाळीची सुट्टी संपून शाळा नुकतीच सुरू झाली होती. विज्ञानाच्या सरांनी 'आपल्या परिसरातले सजीव' असा संग्रह करायला सांगितला होता. कुणी पानं आणली, कुणी शंख-शिंपले, एकीनं सुगरणीचं घरटं. काट्याच्या घरी नदीवर जाळं टाकायचा धंदा. त्यानं दुधाच्या किटलीतून पाच मुऱ्या आणल्या. नदी तेव्हाही स्वच्छ नव्हती, उगाच जुन्या आठवणींना साखर लावायला नको. पुण्याचं सांडपाणी तेव्हाही खाली आपल्याकडेच यायचं. पण ओढा नदीला मिळतो तिथं गोट्यांतून पाणी खळखळत असायचं, आणि त्या तोंडाशी मासे असायचे. आपण पंचा धरून पकडायचो, आठवतं का? निम्म्या वेळा पंचा वाहून जायचा आणि घरी मार बसायचा.

सरांनी मासे फॉर्मॅलिनच्या बरणीत घातले आणि लेबल लिहायला मला बोलावलं, कारण माझं अक्षर चांगलं होतं. माझ्या हातात प्रयोगशाळेतलं एक जुनं पुस्तक होतं. त्यात लोच या माशाचं एकच चित्र होतं. शेपटीच्या मुळाशी वरच्या बाजूला काळा ठिपका, आणि खाली नाव, नेमॅकायलस बोटिया. मी बरणीकडे पाहिलं. पाचही माशांच्या शेपटीशी ठिपका. झालं, लेबल तयार.

तेव्हा काट्या म्हणाला, "सर, ह्यात दोन जाती आहेत. एक वाळूतली मुरी आणि एक गोट्यांतली. वाळूतलीच्या डोळ्याखाली काटा असतो. धरली की टोचते."

वर्ग हसला. माशाच्या डोळ्याखाली काटा! सर हसले नाहीत, हे मला मुद्दाम सांगायचंय. सर इथं पहिल्या रांगेत बसले आहेत आणि त्यांच्याबद्दल कुणाचा गैरसमज व्हायला नको. सरांनी आम्हा दोघांना भिंग दिलं आणि म्हणाले, "दोघं मिळून बघा आणि मला सांगा." पाच मिनिटांनी त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "पाहिलं सर, एकच आहे." तो काही बोलला नाही. मी वर्गाची मॉनिटर होते, पहिला नंबर होता. सरांनी माझ्यावर विश्वास ठेवला. मी लेबल चिकटवलं. दुसऱ्या दिवसापासून मधल्या सुट्टीत सुरू झालं, "काय रे, काटा लागला का?" आठवड्याभरात त्याचा काट्या झाला.

मी भिंगातून पाहिलंच नव्हतं. मी पुन्हा एकदा पुस्तकातलं चित्र पाहिलं होतं.

तुम्ही म्हणाल, एवढ्या-तेवढ्याचं काय मनावर घ्यायचं. मीसुद्धा घेतलं नव्हतं. विसरूनच गेले होते. पुढं इंजिनिअरिंग झालं, नोकरी, बंगळुरूला सहा वर्षं, मग परत इथंच. १९९७ला आपलं गाव महापालिकेत गेलं, मग इमारती उठल्या, हे सगळं तुम्हाला माहीत आहे. गेल्या वर्षी शाळेची प्रयोगशाळा नव्या खोलीत हलवायची होती. मुख्याध्यापिकाबाईंनी माजी विद्यार्थ्यांना मदतीला बोलावलं आणि आम्ही चारजणी कपाटं रिकामी करायला गेलो. मागच्या फळीवर ती बरणी होती. झाकणाभोवती मेण, आत तपकिरी पाणी, आणि बाहेर माझं आठवीतलं अक्षर. 'मुरी. नेमॅकायलस बोटिया. खराडी, १९९२.' पकडणाऱ्याचं नाव नाहीच. टाकून द्यायच्या वस्तूंच्या ढिगात ती निघाली होती. मी बाईंना विचारून घरी आणली.

आता थोडं माशाचं. लोच म्हणजे नदीच्या तळाशी राहणारे छोटे, लांबुळके, मिशावाले मासे. जगभरात त्यांच्या शेकडो जाती आहेत आणि त्या ओळखणं हे भल्याभल्यांना घाम फोडणारं काम आहे. कारण सगळे दिसायला सारखे, रंग पाण्याप्रमाणे बदलणारा, त्यातून नर-मादी वेगळे, पिल्लं वेगळी. शिवाय माझ्याकडचे मासे तीस वर्षं फॉर्मॅलिनमध्ये होते. फॉर्मॅलिनमध्ये पिवळा, लाल, सोनेरी असे रंग जातात, काळा तेवढा टिकतो. डीएनए तपासून घे, असं माझ्या मुलानं लगेच सुचवलं. पण इतकी वर्षं फॉर्मॅलिनमध्ये राहिलेल्या माशाचा डीएनए तुटलेला असतो, त्यातून काही काढणं महाकठीण. म्हणजे हातात उरलं ते फक्त शरीर. मिशा, ओठ, पर, काटे. दोनशे वर्षांपूर्वीच्या माणसाकडे जेवढं होतं तेवढंच.

काम मी गॅलरीत केलं. हातमोजे, चष्मा, आणि घरच्यांना तिकडे यायची बंदी. हे मुलांनी परस्पर करू नये, फॉर्मॅलिन डोळ्यांना आणि श्वासाला वाईट. मासे पाण्यात दोन दिवस धुऊन मग सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये ठेवले. पांढऱ्या बशीत एकेक काढून दहापट भिंगाखाली पाहायला लागले. लांबी मोजायची ती तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या पराच्या मुळापर्यंत, पर सोडून. शेपटी फाटलेली असू शकते म्हणून ही पद्धत. माझे मासे एक्केचाळीसपासून बावन्न मिलिमीटरपर्यंतचे होते.

पहिल्या माशाच्या डोळ्याखाली सुईचं टोक अगदी हलकं फिरवलं. काही नाही. गुळगुळीत. दुसरा, तसाच. तिसऱ्याच्या डोळ्याखाली एक बारीक खाच होती. त्या खाचेत सुई घातली आणि जरा वर उचलली, तर आतून काटा उभा राहिला. नुसता काटा नाही, टोकाशी दुभागलेला, सापाच्या जिभेसारखा. मासा जिवंत असताना हा काटा कातडीच्या खाचेत मिटून ठेवतो आणि कुणी धरलं की उभा करतो. म्हणून तो बघून दिसत नाही, धरल्यावर कळतो. मी गॅलरीत तशीच बसून राहिले. चौथा, काटा नाही. पाचवा, काटा आहे.

तीन आणि दोन. बरणीत दोन जाती होत्या.

एका लक्षणावर निकाल देण्याची चूक मी एकदा केली होती, त्यामुळे या वेळी पुढं पाहत गेले. मिशा मोजल्या. बिनकाट्याच्यांना सहा, म्हणजे तीन जोड्या. काट्याच्यांना हनुवटीवरच्या धरून आठ. एकाला सातच भरल्या आणि मी तासभर गोंधळले, मग लक्षात आलं की एक तुटलेली आहे, तिचं खुंट भिंगाखाली दिसलं. पाठीच्या पराचे किरण मोजले. हे किरण म्हणजे पंख्याच्या काड्यांसारखे. पुढचे एक-दोन सरळ असतात ते सोडायचे आणि टोकाशी फाटे फुटलेले तेवढे मोजायचे. काट्याच्या दोघांना सहा-सहा. बिनकाट्याच्या तिघांना दहा-अकरा, त्यामुळे त्यांचा पाठीवरचा पर चांगला लांब, शिडासारखा दिसतो.

आणि ओठ! मला सगळ्यात आवडले ते बिनकाट्याच्या मुरीचे ओठ. उघड्या डोळ्यांना ते जाड वाटतात, पण भिंगाखाली दाण्यांच्या रांगाच रांगा दिसतात, शर्टाला चेन लावावी तशा. इंग्रजीत या माशांना झिपर लोच म्हणतात ते यामुळेच. तळाच्या दगडांवरचं खाणं चाचपायला ते ओठ.

मग ठिपका? ज्या ठिपक्यानं माझा घात केला तो दोघांनाही आहे. दोन्ही गटांत शेपटीच्या मुळाशी, वरच्या बाजूला, काळा ठिपका. बिनकाट्याच्या मुरीत त्याभोवती फिकट कडं असतं, डोळ्यासारखं. फॉर्मॅलिननं ते कडं जवळपास पुसलं होतं, पण १९९२च्या त्या दिवशी, मासे ताजे असताना, ते ठसठशीत असणार. दोन वेगळ्या कुळांतल्या माशांत नेमकं एक लक्षण सारखं, आणि मी नेमकं तेच धरून बसले. आमच्या धंद्यात एकाच गोष्टीला दोन नावं पडली तर भागतं, शोधून जुळवता येतं. पण दोन गोष्टींना एकच नाव पडलं तर रात्री तीन वाजता फोन येतात.

आता नावं. काट्याची मुरी लेपिडोसेफॅलिक्थिस या वंशातली. माझी खात्री कशानं झाली ते सांगते. या वंशातल्या नरांच्या छातीच्या पराचे सगळ्यात आतले दोन किरण एकमेकांना जुळून टणक पट्टी झालेली असते. बरणीतल्या दोघांपैकी एकात ती होती. पण या वंशातली जात कोणती, ते मला ठरवता आलं नाही. आपल्याकडे सहसा थर्मॅलिस नावाची जात सांगतात. फ्रेंच शास्त्रज्ञ व्हॅलेन्सिएननं ते नाव १८४६ साली श्रीलंकेतल्या गरम पाण्याच्या झऱ्यातल्या माशांवरून दिलं. गुंटिया ही तिची जवळची बहीण. त्यांच्यातला फरक ज्या बारकाव्यांवर ठरतो ते माझ्या दोन जुनाट माशांत धड उरले नव्हते. पुण्यातल्या एका महाविद्यालयातल्या प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांना मी फोटो पाठवले होते. ते म्हणाले, "वंशापर्यंत लिहा आणि थांबा. जेवढं दिसलं तेवढंच लिहायचं." तसंच केलं.

बिनकाट्याच्या मुरीची गोष्ट जास्त रंगतदार आहे. मी लेबलवर लिहिलेलं 'बोटिया' हे नाव फ्रान्सिस हॅमिल्टन या डॉक्टरनं १८२२मध्ये गंगेच्या खोऱ्यातल्या माशांवरच्या पुस्तकात दिलं. पुढं आपल्याकडचे मासेही बरीच वर्षं त्याच नावाखाली मोडले गेले. पण त्याच्या आधीच, कंपनी सरकारच्या मुंबई इलाख्यातला एक लष्करी अधिकारी, विल्यम हेन्री साइक्स, दख्खनभर फिरत होता. शेती, लोकसंख्या, पाऊस, सगळ्याच्या नोंदी करणं हे त्याचं काम. साइक्सचा चंडोल हा पक्षी आहे ना, तोच हा साइक्स. त्याचा दख्खनच्या माशांवरचा निबंध लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीनं १८३९मध्ये छापला. त्यात एका लोचला त्यानं नाव दिलं 'मूरेह'.

मूरेह. दोनदा मोठ्यानं म्हणून बघा. माझ्या तर अंगावर काटाच आला, आणि हा शब्द मी विचार करून वापरतेय. साइक्सनं आपल्या नद्यांतल्या कितीतरी माशांना इथल्याच बोलीतली नावं दिली. नदीकाठच्या कुणाच्या तरी तोंडून ऐकलेला शब्द त्या साहेबानं त्याच्या कानाला लागला तसा लिहून घेतला, आणि तो शास्त्रीय नावात जाऊन बसला. २०१५ साली अमेरिकेतल्या सिंगर आणि पेज या दोघांनी झिपर लोचांची पुन्हा पहिल्यापासून तपासणी केली. त्यात दख्खनच्या माशाचं मूरेह हे नाव बोटियापासून वेगळं, स्वतंत्र धरलं आहे. आज त्याचं पूर्ण नाव पॅराकॅन्थोकोबायटिस मूरेह. पहिला शब्द जीभ मोडणारा आहे, पण दुसरा आपलाच. मी आठवीत लेबलवर वरती 'मुरी' लिहिलं होतं ते बरोबर, आणि खालचं विद्वत्तेचं लिहिलेलं चूक.

इतर कुठल्या मुऱ्या असू शकतील तेही पाहून घेतलं. इव्हेझार्डी नावाची एक लोच फ्रान्सिस डे यानं १८७२मध्ये पुण्याच्याच माशांवरून वर्णन केली आहे. तिची शेपटी गोल असते आणि नाकपुड्यांशी मिशीसारखे लांब दोरे असतात. माझ्या माशांना ते नव्हते. डेनिसोनी नावाच्या जातीच्या अंगावर उभे रुंद पट्टे असतात, तेही नव्हते. बाय द वे, या इव्हेझार्डीच्या भावकीतल्या दोन नव्या जाती सह्याद्रीतून २०२१मध्ये जाहीर झाल्या. त्याच्या आदल्या वर्षी आंबोलीच्या हिरण्यकेशीच्या देवळाच्या कुंडातून शिस्टुरा हिरण्यकेशी ही लोच जगापुढं आली, आणि २०२१मध्ये सरकारनं ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केली. वर्तमानपत्रांत फोटो आले होते, तुमच्यापैकी काहींनी फॉरवर्डही केले होते. बोटाएवढ्या माशासाठी देवळाचं कुंड जपलं गेलं. तेव्हा 'मुऱ्यांना कोण विचारतो' असं म्हणू नका.

हे सगळं झाल्यावर मी बरणी घेऊन काट्याकडे गेले. नगर रोडला त्याचं माशांचं दुकान आहे. उजनीचा रोहू-कटला, शनिवार-रविवारी कोकणातला बांगडा. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. मी दोन बाटल्या काउंटरवर ठेवल्या आणि म्हटलं, "तीन गोट्यांतल्या, दोन वाळूतल्या. तुझं बरोबर होतं." त्यानं हात पुसले, बाटली उजेडाकडं धरली, बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, "मला माहीत होतं की. तू भिंगाला डोळा लावलाच नव्हतास."

म्हणजे त्याला तेव्हाच कळलं होतं. शेजारी उभा होता ना तो. मी विचारलं, मग सरांना का नाही सांगितलंस? तर म्हणाला, "तुझं कोण खोटं मानणार होतं? आणि खोटं बोललीस म्हणून सांगितलं असतं तर तुला छडी बसली असती." सर, तुमची छडी तेव्हा प्रसिद्ध होती.

त्यानंतर त्यानं मला जे सांगितलं ते कुठल्याही पुस्तकातल्या वर्णनाच्या तोडीचं आहे. गोट्यांतली मुरी वाहत्या पाण्यात, दगडाच्या आडोशाला, डोकं धारेकडं करून बसते. दगड उचलला की एक झेप घेऊन पुढच्या दगडाखाली. वाळूतली पळत नाही, जागच्या जागी वाळूत घुसते, डोळे तेवढे बाहेर. आणि ती घाण पाण्यातही तग धरते, मधेच वर येऊन हवा घेऊन जाते. हे शेवटचं मी ताडून पाहिलं. लेपिडोसेफॅलिक्थिस वंशातले मासे हवा गिळून आतड्यातून प्राणवायू घेऊ शकतात, असं अभ्यासकांनी लिहून ठेवलं आहे. काट्याला ते चुलत्यानं सांगितलं होतं, त्याच्या चुलत्याला कुणी सांगितलं कोण जाणे. गोट्यांतली मुरी मात्र त्यानं खराडीच्या हद्दीत गेल्या पंधरा-वीस वर्षांत पाहिली नाही. ओढ्याच्या तोंडाशी आता गोटेच नाहीत. राडारोडा आहे आणि काळा गाळ.

पुण्याच्या माशांच्या याद्या जुन्या आहेत. फ्रेझर यांनी १९४२मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये एक छापली. वाघ आणि घाटे यांनी २००३मध्ये मुळा आणि मुठा नद्यांच्या माशांवर लिहिलं. संगमापासून वर, धरणांकडच्या बाजूला अजून बरंच काही आहे. संगमाच्या खाली, आपल्या बाजूला, जे होतं त्यातलं काही एका शाळेच्या कपाटात बरणीत राहिलं. त्यावर खरं नाव असतं, पकडणाऱ्याचं नाव असतं, नक्की जागा असती, तर खराडीच्या ओढ्याला १९९२ साली मूरेह होती याची ती नोंद झाली असती. माझ्या लेबलमुळे ती बत्तीस वर्षं दुसऱ्याच माशाची नोंद होती.

जिवंत मासा पाहिल्याशिवाय मला चैन पडेना. नोव्हेंबरात एका रविवारी आम्ही दोघं, त्याची बायको आणि माझा मुलगा, असे मुळशीकडच्या एका ओढ्यावर गेलो. पाणी गार, पोटरीभर. काट्यानं जाळं नेलंच नाही, पंचा आणला होता. दोन दगड उलटले आणि तिसऱ्याला मुरी. काचेच्या डबीत सोडून उन्हात धरली. अंगावर सोनेरी झाक, पाठीवर गडद खोगिरं टाकल्यासारखे डाग, शेपटीवर पट्टे, आणि मुळाशी तो ठिपका. काळाभोर, भोवती उजळ कडं, जसा काही उलट्या बाजूनं कुणी बघतंय. फोटो काढले आणि सोडून दिली. वाळूतली शोधायला आम्ही जरा खाली, संथ डोहात गेलो. ती काट्यानं हातानंच काढली आणि माझ्या मुलाच्या तळहातावर ठेवली. मुलगा ओरडला. काट्या माझ्याकडं बघून हसला, काही बोलला नाही.

शाळेत आता एका बरणीच्या दोन बरण्या झाल्या आहेत. नवी लेबलं लिहायची होती तेव्हा मी हट्टानं काट्याला घेऊन गेले. एकावर 'गोट्यांतली मुरी. पॅराकॅन्थोकोबायटिस मूरेह', दुसऱ्यावर 'वाळूतली मुरी. लेपिडोसेफॅलिक्थिस, जात ठरलेली नाही'. खाली 'ओढ्याचं तोंड, मुळा-मुठा, खराडी, नोव्हेंबर १९९२'. त्याखाली 'संग्राहक' आणि त्याचं पूर्ण नाव, त्याच्या वडिलांच्या नावासकट. माझं नाव मी 'ओळख पटवणार' म्हणून घालणार होते. तो म्हणाला, "ओळख मी पटवली होती. तू उशिरा पाहिलंस." मग त्या ओळीतही त्याचंच नाव घातलं, आणि माझं 'लेखन' या शब्दापुढं. जुनं लेबल फाडलं नाही, बरणीच्या मागच्या बाजूला तसंच आहे. काट्याचं म्हणणं, राहू दे, अक्षर चांगलं आहे.

आता चहा आहे. प्रयोगशाळा उघडी ठेवायला सांगितली आहे, जिन्यानं वर गेलात की डावीकडची खोली. बरण्या खिडकीजवळच्या कपाटात, दुसऱ्या फळीवर आहेत, शेजारी भिंगही ठेवलं आहे. झाकण कुणी उघडू नका. आणि हो, त्याचं टोपणनाव बदलायचं का, असं मी त्याला विचारलं. तो मागं भिंतीला टेकून उभा आहे, त्यालाच विचारा.